बोकड अंग झाडेना

मळगंगेच्या ठाण्यापुढं बोकड ओलाचिंब होऊन उभा होता, आणि काही केल्या अंग झाडत नव्हता.

पिंपरी पेंढारच्या ओढ्याकाठचं हे ठाणं लहानसंच आहे. वर पत्रा, आत शेंदूर लावलेली मळगंगा आणि पुढं दगडाची एक झिजलेली पायरी. इथली रीत अशी की नवसाचा बोकड आणायचा, त्याला न्हाऊ घालायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची. मग ज्यानं नवस केला त्यानं तो देवीपुढं जसाच्या तसा बोलून दाखवायचा आणि भगतानं बोकडाच्या पाठीवर तांब्याभर पाणी सोडायचं. बोकडानं मानेपासून शेपटापर्यंत अंग झाडलं की देवीला पोचलं. नाही झाडलं तर घरातल्या कुणाच्या तरी पोटात काहीतरी दडलंय असं समजायचं. ते बाहेर येईपर्यंत बोकड कापणाऱ्या मुलाण्यानं सुरीला हात लावायचा नाही.

ओल्या जनावरानं अंग झाडण्यात देवीचा काय संबंध, असं एखादा शिकलेला विचारेल. खुशाल विचारू दे. तो कधी गावभर आवतण देऊन, मसाला वाटून, चुलाणं पेटवून त्या बोकडापुढं उभा राहिलेला नसतो. तिथं उभं राहिलं की भल्याभल्यांना आपण कुणाचं काय वाईट चिंतलं ते धडाधड आठवायला लागतं.

लंकाबाई हात जोडून, पदर डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी होती. नवस तिचा होता. तिनं तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलून दाखवला होता.

"आई मळगंगे, माझ्या रोहिदासच्या घरात पाळणा हालू दे, तुला बोकड देईन असं बोलले व्हते. पाळणा हालला. तुझं तू घे आन लेकराला सुखी ठेव."

सावळेराम भगतानं पाणी सोडलं. बोकडानं कान हलवले, मान वाकडी केली आणि गळ्यातल्या माळेतला एक झेंडू तोडून चघळायला लागला.

लंकाबाईनं जोडलेले हात आणखी घट्ट दाबले. कारण असा नवस तिनं कधी केलाच नव्हता. हे तिला माहीत होतं आणि आत शेंदूर लावून बसलेल्या मळगंगेला. बाकी कुणाला माहीत असण्याची सोयच नव्हती.

खरा नवस होता तीन वर्षांपूर्वीचा, पंच्याण्णव सालातला. लंकाबाई आणि कुशाबा यांचा रोहिदास एकुलता एक. आयटीआयला फिटरचं शिकलेला, हाताला चांगला, नवं लग्न झालेला. त्याला भोसरीच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तो गेला, परीक्षा देऊन आला, आणि तिथल्या साहेबानं पाठीवर थाप मारली असं घरी येऊन सांगितलं. कुशाबा असा भोळा सांब की त्यानं दुसऱ्या दिवशी आळेफाट्यावरून पेढे आणून वाटूनसुद्धा टाकले. लंकाबाईनं पेढा तोंडात टाकला, गोड हसली, आणि सकाळी शेण-पाणी आटोपून एकटीच ओढ्याकडं आली. पायरीवर डोकं टेकवून म्हणाली, "आई, त्याला ती नोकरी लागू देऊ नको. तुला बोकड देईन."

भोसरीला खोलीत उजेड नसतो, पाणी नळाचं आणि तेही ठरल्या वेळेला, रोहिदासचं पोट मुळातच नाजूक, असं सगळं तिनं देवीला समजावून सांगितलं. देवीला भोसरीची माहिती असेल-नसेल म्हणून जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं.

कंपनीवाल्यांनी "कळवू" म्हटलं होतं, ते त्यांनी कधीच कळवलं नाही. रोहिदासनं पुष्कळ दिवस पोस्टमनची वाट पाहिली, मग आळेफाट्याच्या एका गॅरेजात कामाला लागला. काळी नखं आणि डिझेलचा वास घेऊन रोज घरी यायला लागला. लंकाबाई चार बायकांत बसली की सगळ्यात मोठा उसासा तिचाच असायचा. "माझ्या पोराच्या नशिबातच न्हाई, त्याला कोन काय करनार?"

काम झालं, पण बोकड राहिला. द्यायचा तर कशाचा म्हणून सांगायचा? वर्ष गेलं, दुसरं गेलं. मधे रोहिदासला मुलगा झाला. यंदा उन्हाळ्यात त्या पोराच्या अंगावर गळवं उठली, तापानं ते रात्रंदिवस किरकिरायला लागलं. त्यातच म्हशीनं दूध चोरलं आणि लंकाबाई स्वतः बांधावरून घसरून पडली. डॉक्टरच्या औषधानं पोराची गळवं बसली खरी, पण लंकाबाईला जे समजायचं ते समजलं. तिनं एक युक्ती काढली. एका संध्याकाळी सगळे जेवत असताना सहज आठवल्यासारखं म्हणाली, "अगं बाई, नातवासाठी नवस बोलले व्हते मी मळगंगेला. त्यो फेडायचाच ऱ्हायला की."

बोकड तोच, देवी तीच. कारण तेवढं वेगळं सांगितलं तर देवी कशाला मनावर घेईल, असा तिचा हिशेब. देवीलाही सुनेसारखं गुंडाळता येतं असं तिला वाटलं म्हणा ना.

सून तर खरोखरच गुंडाळली गेली. तिचं नाव वैजयंता, घरात वैजू म्हणायचे. भोसरीचं फिसकटल्यापासून ती कामापुरतं बोलायची. सासूनं आपल्या कुशीसाठी नवस केला होता आणि कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही, हे ऐकून ती ताटावरून उठली आणि लंकाबाईच्या पाया पडली. त्या दिवसापासून "आत्याबाई, तुमी बसा, मी करते," असं सुरू झालं. सांजच्याला पाय चेपून द्यायला लागली. लंकाबाईला ते आवडलं. का नाही आवडणार? आयुष्यात तिचे पाय कुणी चेपले नव्हते.

तर असा हा बोकड बेल्ह्याच्या बाजारातून आणलेला, चांगला काळाभोर, शिंगाला शिंग जुळतं असा. आणि आता झेंडू खात उभा.

भगतानं दुसरा तांब्या ओतला. पाणी पाठीवरून ओघळून पोटाखाली ठिबकत राहिलं. बोकड ढिम्म.

"वयनी, नवस जसा बोलला व्हता तसाच सांगितला ना?" भगतानं विचारलं.

"तसाच," लंकाबाई म्हणाली.

"मंग घरातल्यांनी एकेकानं पुढं या. मनात काय असंल नसंल त्ये आईपुढं बोला आन मोकळं व्हा."

कुशाबा पहिला आला. गडी देवभोळा, तिथंच रडकुंडीला आलेला. म्हणाला, "आई, मी बिडी सोडली म्हून शपथ घेतली व्हती. गोठ्यामागं जाऊन वढतो." लोक हसले. लंकाबाईला ते कधीचंच ठाऊक होतं. मग त्याचा धाकटा भाऊ गेणभाऊ आला. स्वयंपाकाचा सगळा कारभार त्याच्याकडं होता, त्यामुळं त्याचा अर्धा जीव चुलाणावरच्या आधणात अडकला होता. "लेकराचं बारसं केलं तवाच बोकड कापायचा व्हता, आता दुसऱ्यांदा खर्च कशापायी, असं मी म्हनलो व्हतो. चुकलो," असं भराभर बोलून तो बाजूला झाला. रोहिदासनं कान धरले. "भोसरीचं झालं न्हाई तवा मी आईला, म्हंजी हितल्या आईला, लई वाईट शिव्या दिल्या. माफ कर."

लंकाबाई खाली बघत होती. बोकड कुणाकडंच बघत नव्हता.

मग बायकांच्या घोळक्यात कुजबुज सुरू झाली. त्यातली एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटली, "पोर हिचं, नवस हिच्यापायी, मंग अडनार बी हिच्याचपाशी." सगळ्यांचे डोळे वैजूकडं वळले. ती पोराला कडेवर घेऊन पुढं आली. तोंड उतरलं होतं, पण आवाज स्पष्ट होता.

"मला भोसरीला जायाचं व्हतं. झालं न्हाई, तवापासनं माझं मन ह्या घरात न्हाई. भाकरी थापताना, धुनं धुताना, मन तिकडंच. आत्याबाईंचा तर उगाच राग यायचा. त्यांचा काय गुन्हा नसताना. त्यांनी माझ्यासाठी नवस केला आन मी त्यांच्यावर मनात डूख धरला. माझं चुकलं." आणि ती वाकून लंकाबाईच्या पाया पडली.

 लंकाबाईनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवायचा, तर हात उचलेना.

भगतानं पाणी सोडलं. बोकडानं शेपूट जरासं हलवलं. सगळे पुढं सरकले, पण ते माशी उडवण्यापुरतंच होतं.

"अजून हाय काय तरी हिच्या पोटात," मघाचीच बाई म्हणाली. आता कुजबुज राहिली नव्हती. "सगळं सांग गं. लेकराच्या जिवाशी खेळू नको." कुणी म्हणालं माहेरचं काही असेल, कुणी म्हणालं देवीचं सोवळं पाळलं नसेल. वैजू गोंधळून इकडंतिकडं बघत होती. एवढं सगळं सांगून टाकल्यावर आपल्यात अजून काय वाईट शिल्लक आहे, ते ती खरोखर आठवत होती.

"नाक घास पोरी पायरीवर," भगत म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्यालाही भूक लागली होती आणि रीत तशीच होती.

वैजूनं पोरगं रोहिदासकडं दिलं. पदर खोचला, गुडघे टेकले आणि त्या खरबरीत दगडावर नाक घासायला लागली. एकदा, दोनदा. नाकाच्या शेंड्याला शेंदूर लागला आणि त्याखालचं कातडं सोललं.

"उठ गं," लंकाबाई म्हणाली. वैजू घासतच राहिली. मग ती ओरडलीच. "उठ म्हनते ना! तुझं काय न्हाई त्यात. माझं हाय."

हलगीवाला उगाच बोटांनी हलगीवर ताल धरून बसला होता, तोही थांबला.

"म्या नातवासाठी नवस केलाच नव्हता," लंकाबाई म्हणाली. "रोहिदासला भोसरीची नोकरी लागू नये म्हून केला व्हता. आईनं ऐकला. आज खोटं बोलून फेडाय आले."

कुशाबाचं तोंड उघडंच राहिलं. वैजू अजून गुडघ्यावरच होती. तिनं मान वर करून सासूकडं बघितलं. रोहिदास पोराला छातीशी धरून उभा होता. लंकाबाईला वाटलं, आता हा इथून निघून जाईल आणि मेल्यावर खांदा द्यायलासुद्धा येणार नाही. तीन वर्षं ज्याच्या भीतीनं तोंड दाबून धरलं ते आता समोर आलं होतं.

"कशापायी वयनी?" भगतानं हळूच विचारलं.

"माया," लंकाबाई म्हणाली. शब्द कसा तयार असल्यासारखा आला. "येकुलतं येक पोर. डोळ्यापुढनं हालू नये. दुसरं काय असनार आईच्या मनात?"

 मग रोहिदासच पुढं आला. त्याचे डोळे भरले होते. "आये, मला नुसतं म्हनली असतीस तर मी गेलोच नसतो की गं," तो म्हणाला. झालं. बायकांनी पदर डोळ्याला लावले. मघाशी वैजूच्या पोटात काय काय आहे ते सांगणारी बाई सगळ्यात आधी मुसमुसली. "आईचं काळीज बाई, आईचं काळीज," असं सगळीकडून सुरू झालं. लंकाबाईला फटके बसायचे तर तिच्या गळ्यात हारच पडला. गुन्हा कबूल करून एवढी शोभा कुणाची झाली नसेल.

भगतानं मोठ्या खुशीनं चौथा तांब्या ओतला. बोकडानं अंग झाडलं नाही.

लोक आता खरोखर कंटाळले होते. उन्हं डोक्यावर आली होती, लेकरं रडत होती. गेणभाऊ माळ नीट करायच्या निमित्तानं बोकडापाशी बसला. त्याच्या मुठीत ओल्या फडक्याचा बोळा होता. लंकाबाई अगदी समोर उभी होती म्हणून तिला दिसलं: त्यानं मूठ बोकडाच्या कानावर नेली आणि पिळली. बोकडानं डोकं जोरात हलवलं, मग मान, मग अख्खं अंग, आणि जवळच्या चारपाच जणांवर पाणी उडालं.

"मळगंगेच्या नावानं चांगभलं!"

हलगी कडाडली. गुलाल उडाला. बोकडाला धरून पोरं ओढ्याच्या अंगाला नेऊ लागली, मुलाणी बाही सारत मागोमाग गेला, आणि बघता बघता ठाण्यापुढं कुणी उरलं नाही. वैजू तेवढी पायरीच्या कडेला बसून पदरानं नाकावरचा शेंदूर पुसत होती.

लंकाबाईनं देवीकडं बघितलं. मळगंगेचे चांदीचे डोळे नेहमीसारखेच टक्क उघडे.

"आत्याबाई," वैजू म्हणाली, "बोकडानं आपनहून न्हाई झाडलं. गेणूतात्यांनी कानात पानी सोडलं. मी खालीच बसले व्हते, मला दिसलं."

"व्हय," लंकाबाई म्हणाली.

"म्हंजी आईला पोचलं न्हाई. माझंच काय तरी ऱ्हायलं असंल." आणि ती परत आठवायला लागली. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून.

आता मात्र लंकाबाई पुढं झाली. ती सुनेशेजारी पायरीवर बसली. माया हा शब्द एवढा झटकन आला होता, तिथंच तिला कळलं होतं की तो खरा नाही. भगतानं "कशापायी" विचारलं तेव्हा त्याचं खरं उत्तर तिच्याजवळ होतं. तीन वर्षं तिनं ते स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं, आणि देवीनं ते पहिल्याच दिवशी बघितलेलं असणार.

"वैजू, तू आळेफाट्यावरनं डबं आनलं व्हतंस," लंकाबाई म्हणाली. "स्टीलचं. भोसरीचं बोलावनं आलं तवा."

वैजूनं मान हलवली.

"सांजच्याला तू त्ये भुईवर मांडून बसली व्हतीस. ह्यात तांदूळ, ह्यात डाळ, ह्यात मिरच्या, असं आपल्याशीच बोलत. मी दारात उभी व्हते, तू बघितलं न्हाई. माझं लगीन नवं व्हतं तवा रोहिदासच्या बापाला मुंबईला गोदीत काम लागत व्हतं. माझ्या भावानं मला जुन्नरवरनं पितळंचा स्टो आनून दिला, पंपाचा. आमी निघनार तर सासू उंबऱ्यात आडवी पडली. बोचकं सोडलं तवाच उठली. त्यो स्टो तिनं नंदंला देऊन टाकला. त्याच्यानंतर ती म्हातारी मरंपतूर मी तिच्या चुलीपाशी बसून मीठ किती घालू म्हून इचारलं. केसं पिकली तरी इचारलं. आन तू त्ये डबं मांडून गानं गुनगुनत बसलेली." लंकाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, मला न्हाई मिळालं तर हिला कशाला? बस. येवढंच वाटलं. सकाळी उठून हितं आले. भोसरीचं पानी आन रोहिदासचं पोट ह्ये वाटंनं येताना सुचलं. देवीपुढं बोलाय काय तरी पायजे म्हून. त्यात माया नव्हती. रोहिदास तर माझ्या डोक्यात बी नव्हता."

ओढ्याकडून पोरांचा गलका ऐकू आला. वैजूनं हातातल्या पदरावरचा शेंदूर बघितला.

"ह्ये तुमी मगाशी का न्हाई सांगितलं?"

"लोक व्हते."

"मी नाक घासलं तवा बी लोक व्हते," वैजू म्हणाली. आणि उठून पोराला घ्यायला निघून गेली.

पंगती बसल्या. रस्सा झकास झाला होता, असं सगळ्यांचं म्हणणं. बायकांनी लंकाबाईला मधे बसवली. तिच्या ताटात रोहिदासनं स्वतःच्या हातानं वाढलं, निवडून चांगले तुकडे. लंकाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"रोहिदास, ती माया नव्हती रं."

"आये, झालं गेलं. जेव आता."

"तसं न्हाई, ऐक माझं. तुझ्यासाठी न्हाई मागितलं मी. वैजूला सोताची चूल मिळू नये म्हून..."

"तू दमलीयास," रोहिदास हसून म्हणाला. "सकाळधरनं उपाशी, तोंडाला यील त्ये बोलतीयास." त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि रश्श्याची बादली घेऊन पुढच्या ताटाकडं गेला. आईबद्दल वाईट ऐकायला पोराच्या कानात जागाच नसते, आणि तिथं लंकाबाई काय करणार? तिनं ताटातली भाकरी नुसती चिवडली. ज्याला गमवायची भीती होती तो गमावला नाही, उलट आणखी जवळ आला. यात सुख व्हायला पाहिजे होतं. 

त्यानंतर आठपंधरा दिवस घर नेहमीसारखं चाललं. वैजू सगळं काम करायची. सासूचं लुगडं धुवायची, वेळेला चहा द्यायची. पण पाय चेपायला बसली नाही. लंकाबाईही "बस" म्हणाली नाही. मग एक दिवस दुपारी वैजू निवडायचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आत्याबाई, मला माझी चूल येगळी पायजे. घर सोडून कुटं जात न्हाई. हितंच, पडवीत मांडते."

चूल वेगळी करणं म्हणजे गावात काय समजतात ते दोघींनाही ठाऊक होतं. लंकाबाईच्या तोंडाशी 'लोक काय म्हनतील' हे शब्द आले होते. ती क्षणभर सुनेच्या नाकाकडं बघत राहिली. खपली पडून तिथं गुलाबी कातडं आलं होतं.

"मांड," ती म्हणाली. "माती मी मळून देते."

तिनंच ओढ्याकडची माती आणली, भुसा घालून मळली. वैजूनं चूल थापली. रोहिदास संध्याकाळी गॅरेजातून आला तो बघतच राहिला. "काय भांडलाव काय दोघी?" दोघी म्हणाल्या, न्हाई. "मंग काय झालं?" काय न्हाई. त्यानं बापाकडं बघितलं. कुशाबानं खांदे उडवले आणि गोठ्यामागं निघून गेला.

गावाला विषय मिळाला. नवस फेडून महिना झाला नाही तोवर चूल वेगळी! कुणी म्हणालं, सून पहिल्यापासूनच आतल्या गाठीची, म्हणून तर बोकड अडला होता. कुणी म्हणालं, लंकाबाईच कजाग, वरून मायेचं सोंग. ज्यांनी ठाण्यापुढं डोळे पुसले होते त्याच आता हनुवटीला बोट लावून बोलत होत्या. दळणाच्या गिरणीत लंकाबाईनं हे आपल्या कानांनी ऐकलं. जन्मभर ती लोकांच्या बोलण्याला भ्यायली. मनात काळं होतं तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, आणि आता तिनं एक धड काम केलं तर ते नाकं मुरडत होते. तिनं पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि घरी आली. वाटेत कुणाला काही सांगितलं नाही. रागही फारसा आला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

नवी चूल वाळली त्या दिवशी वैजूनं तिच्यावर पहिला स्वयंपाक केला. चूल ओलसर असेल किंवा जाळ जास्त झाला असेल, पण घरभर पिठलं करपल्याचा वास सुटला. लंकाबाई आतल्या चुलीपाशी भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं उठली आणि मधल्या दारापर्यंत गेली. पडवीत वैजू पाठमोरी बसली होती. तिनं पिठल्याची चव घेतली, जरा थांबली, आणि मिठाच्या डब्यात पुन्हा हात घातला. जास्त होणार, लंकाबाईला इथूनच दिसत होतं. शब्द अगदी ओठावर आला होता. ती तशीच मागं फिरली आणि आपल्या तव्यापाशी येऊन बसली.

"आगं, काय तरी करपतंय," कुशाबा ओसरीवरून म्हणाला.

"करपू द्या," लंकाबाई म्हणाली. "तिची चूल हाय."